एकशे त्रेचाळीस दावी

बीड जिल्ह्यातल्या नांदूरघाट आणि आजूबाजूच्या वीसेक गावांत एखादी सहकारी संस्था निघाली की नोंदणीनंतरचं पहिलं काम मन्मथ साखरे यांना बोलावण्याचं असे. दूध संस्था, सोसायटी, पतसंस्था, मजूर संस्था, कोणतीही असो. पाटी निळी, अक्षरं पांढरी, खाली तांबड्यात नोंदणी क्रमांक. मन्मथआप्पांनी अक्षराची उंची कधी पट्टीनं मोजली नाही. दुसऱ्या कोणी मोजली तर पहिल्या आणि शेवटच्या अक्षरात सुताचाही फरक निघत नसे. त्यांनी पाट्या लिहिलेल्या संस्थांपैकी निम्म्याहून अधिक आज बंद आहेत. पाट्या मात्र अजून वाचता येतात.

गावातले लोक त्यांना आप्पा म्हणतात, बरोबरीचे ‘पेंटर’ म्हणतात. फ्लेक्स आल्यावर त्यांचं काम कमी झालं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर मालकाचं नाव, शाळेच्या भिंतीवर सुविचार, लग्नघराच्या दारावर गणपती, एवढंच उरलं. २०१२ मध्ये पाऊस झाला नाही तेव्हा ट्रॉल्या रंगवणंही थांबलं. त्या वेळी ते सत्तावन्न वर्षांचे होते.

डिसेंबरात गावची दूध संस्था बंद पडली. पूर्वी सकाळ-संध्याकाळ मिळून आठशे लिटर दूध यायचं, ते साठ लिटरवर आलं होतं. पुढं तेवढंही येईना. सचिव शहादेव यांनी कॅन धुऊन पालथे घातले आणि खोलीला कुलूप लावलं. फेब्रुवारीत गावाबाहेरच्या माळावर चारा छावणी उघडली. तिथं गोठ्यांचे क्रमांक आणि मालकांची नावं पत्र्यावर लिहिण्याचं काम आप्पांना मिळालं. काम आठ दिवसांचं होतं. ते चार महिने तिथंच राहिले.

छावणीत माणसाला फारसं काम नसतं. चारा येईपर्यंत वाट बघायची, टँकर येईपर्यंत वाट बघायची. आप्पांनी पेंडीची रिकामी पोती फाडून सरळ केली, डब्यात चुना आणि गेरू कालवला आणि ज्याच्या-त्याच्या हातात काडी दिली.

“बैल काढा.”

“आमाला कुठं येतंय, पेंटर?”

“मंग तुमचा बैल काढा.”

फरक एवढ्याच शब्दाचा होता. जन्मात पेन्सिल न धरलेल्या माणसानं आपल्या बैलाचं मोडकं शिंग बरोबर त्याच बाजूला काढलं. एकानं बैलाच्या पाठीवरचा डाग आधी काढला आणि मग त्याभोवती बैल. महिनाभरात छावणीच्या तारेला सत्तर पोती टांगली गेली. टँकरचा चालक रोज थांबून बघायचा आणि म्हणायचा, “हितं जनावरं जास्त का पोती जास्त?”

वच्छलाबाई रोज छावणीत येत. त्यांचं तिथं जनावर नव्हतं. त्यांची गाय डिसेंबरातच व्यापाऱ्याच्या गाडीत चढली होती. नवरा तीन वर्षांपूर्वी वारला होता. घरी शेण काढायला नव्हतं, धार काढायला नव्हती, म्हणून त्या इतरांच्या जनावरांत येऊन बसत. आप्पांनी त्यांच्यापुढं पोतं ठेवलं तेव्हा त्यांनी हात लावला नाही.

“माजं जनावर हितं न्हाई. काय काढू?”

“काहीच राहिलं न्हाई?”

“दावं हाय की.”

या भागात जनावर विकलं तरी दावं देत नाहीत. व्यापाऱ्यानं आपला दोर आणायचा आणि आपल्या दोरानं जनावर न्यायचं. घरचं दावं गळ्यातून काढून खुंट्याला नाहीतर आढ्याला अडकवून ठेवायचं. दावं घरात असलं की दावण मोडली असं होत नाही, कधी ना कधी ती पुन्हा भरते, असं धरून चालतात. नवीन जनावर आणायला जाताना तेच दावं खांद्यावर टाकून जायचं. मोकळ्या हातानं कोणी जात नाही आणि देणारा आपलं दावं सोबत पाठवत नाही.

आप्पांना हे जन्मापासून माहीत होतं. दुष्काळानं रिकाम्या केलेल्या प्रत्येक घरात एक दावं टांगलेलं असणार, हे मात्र त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं. कल्पना आपली नव्हती, वच्छलाबाईंची होती, असं ते आजही आधी सांगतात.

मार्चभर त्यांनी घरोघर जाऊन दावी मागितली. सोबत शहादेव. काही घरं ओळखीची होती, बरीच नव्हती. शेजारच्या चार गावांत पाट्यांमुळं नाव माहीत होतं, घरांशी ओळख मात्र नव्हती.

“दावं कावून पायजे?”

“दूध संस्थेत टांगायचंय. सगळ्यांची एका जागी. किती दावणी रिकाम्या झाल्या ते दिसलं पायजे.”

“आन खुंटं बी नेता का? लगे हात दारं-खिडक्या बी काढून न्या.”

हसून देणारे होते, भांडून देणारे होते. एका म्हातारीनं दावं देण्याआधी त्याला हळदकुंकू लावलं. वच्छलाबाईंनी स्वतः आणून दिलं. त्यांचं दावं अंबाडीचं, तीन पदरी होतं. एका पदरात तांबड्या लुगड्याची चिंधी वळलेली होती, कारण दावं वळताना नवऱ्याकडं अंबाडी कमी पडली होती.

एकशे त्रेचाळीस दावी जमली. शहादेवांनी संस्थेचं कुलूप काढलं. आढ्याच्या लोखंडी नळीवरून दावी खाली सोडली, प्रत्येकाला मालकाच्या नावाची पत्र्याची चिठ्ठी अडकवली. समोरच्या भिंतीवर आप्पांनी आपल्या नेहमीच्या अक्षरांत लिहिलं : ‘दावी जपून ठेवली आहेत. पाऊस पडल्यावर ज्याची त्याने न्यावीत.’

लोक आले. बायका आपलं दावं शोधत आणि सापडलं की त्याला हात लावून उभ्या राहत. शहादेव दाराशी उभे राहून म्हणत, “दुधाच्या संस्थेत दूध न्हाई, दावी तरी बघून जा.” दूध संस्थेत इतकी गर्दी तिच्या उद्घाटनालाही नव्हती.

अंबाजोगाईचे एक चित्रकला शिक्षक, मोहनराव, छावणी बघायला आले होते. त्यांनी हे पाहिलं, फोटो काढले आणि पुण्याच्या एका कलादालनाला पाठवले. मे महिन्यात आठ दिवस दावी तिथं मांडावीत असं ठरलं. दालनाची उंची नऊ फूट. दावी कोणती पाच हात, कोणती नऊ हात, म्हणजे साडेतेरा फूट.

ती दुमडून टांगता आली असती. वर गाठ मारून आखूड करता आली असती. हे नंतर सुचलं, असं आप्पा म्हणत नाहीत. तेव्हाच सुचलं होतं. करूनही बघितलं होतं. पण दुमडलेल्या दाव्यांची खालची कड एका रेषेत येत नव्हती. कुठं जाड, कुठं बारीक, कुठं फुगा. पस्तीस वर्षं ज्या डोळ्यांनी अक्षरांच्या पायाची रेषा सरळ धरली त्यांना ती कड बघवेना.

“कापून सारखी करून घेऊ,” आप्पा म्हणाले.

शहादेवांनी विचारलं, “लोकांना इच्चारायचं का?”

“परत तर आणायचीच हायत. उगं घोळ कशाला?”

“घोळ न्हाई बे, दावी त्यांची हायत.”

“माज्याकडं दिलीत की.”

सकाळी आठला सुरू केलेलं काम दुपारी एकला संपलं. संस्थेच्या ओट्यावर लाकडी ठोकळा, त्यावर दावं, वरून कोयता. दीड-दीड हाताचे तुकडे पडले. गळ्याकडचं, फासाचं टोक वेडंवाकडं असल्यानं मापात बसत नव्हतं, ते बाजूला पडत गेलं. अकराच्या सुमारास चहाची वेळ झाली. चुलीला सरपण नव्हतं. आप्पांनी बाजूला पडलेल्या टोकांपैकी दोन मुठी चुलीत घातल्या. अंबाडी वाळलेली होती, लगेच पेटली. दुपारी उरलेली टोकंही त्याच चुलीत गेली.

पुण्यात मांडणी सुरेख दिसली. खालची कड सरळ आली. मोहनरावांनी बघणाऱ्यांसाठी एक योजना केली होती : येणाऱ्या प्रत्येकानं दोन तुकडे घेऊन त्यांना एक गाठ मारायची, म्हणजे बीडचं दुःख आणि पुण्याचा हात जोडला जाईल. आठ दिवसांत हजारभर अनोळखी लोकांनी गाठी मारल्या. मनापासून मारल्या. काहींनी मुलांना उचलून घेऊन मारल्या. एका बाईंनी आप्पांचा हात धरून विचारलं, “आमच्याकडून आणखी काय करता येईल?” आप्पा गाठींकडं बघत होते. त्यांतली एकही जनावर बांधायची गाठ नव्हती. वेगवेगळ्या गावांची दावी एकमेकांत अडकली होती आणि नावांच्या चिठ्ठ्या एका खोक्यात गोळा करून ठेवल्या होत्या, कारण गाठ मारताना त्या मध्ये येत.

दावी तीन पोत्यांत भरून परत आली. आप्पांनी ती संस्थेत न ठेवता आपल्या घरी, बाजेखाली ठेवली. बायको जगदेवी यांनी एक पोतं उघडून बघितलं आणि पुन्हा बांधलं.

जूनमध्ये पाऊस झाला. त्या वर्षी चांगला झाला. छावणी उठली.

जुलैत वच्छलाबाई दारात आल्या. चेहऱ्यावरचा आनंद त्यांना लपवता येत नव्हता.

“आप्पा, माजा भाऊ चकलांब्याला हाय ना, तो कालवड देतो म्हणालाय. देवणी जातीची हाय. दावं द्या, उद्याच्या एसटीनं जाते.”

आप्पा म्हणाले, “पुण्याहून यायचीत अजून.”

पोती त्यांच्या टाचेपासून दीड फुटावर होती.

“कवा येतील?”

“आठ दिवसांत.”

त्या गेल्यावर जगदेवी आतून बाहेर आल्या. “आठ दिवसांनी काय सांगणार हाव?” त्यांनी विचारलं. आप्पांनी गाठी सोडवायला सुरुवात केली. पुण्याच्या गाठी पावसाळी हवेत घट्ट झाल्या होत्या. नखांनी सुटेनात, तेव्हा त्यांनी ब्रशची मागची दांडी वापरली. चार दिवसांनी तांबड्या चिंधीचे तुकडे सापडले. पाच होते. आणखी असायला हवेत का, हे त्यांना सांगता आलं नाही, कारण वच्छलाबाईंचं दावं किती हात होतं हे त्यांनी मोजून ठेवलं नव्हतं.

आठ दिवसांनी वच्छलाबाई आल्या. आप्पा म्हणाले, पुण्याहून आणायला गाडी भेटली नाही. या वेळी त्यांनी वच्छलाबाईंकडं बघितलं नाही. वच्छलाबाई म्हणाल्या, “भाऊ निरोप धाडतोय, कालवड किती दिवस ठिवू म्हणून. भावजय चारा मोजतीया.” त्यांनी राग केला नाही. उलट म्हणाल्या, “तुमाला बी किती तरास झाला असंल आमच्या दाव्यांचा.”

आप्पा सांगतात की, हे वाक्य ऐकल्यावर त्यांनी सरळ खरं सांगितलं असतं तर बरं झालं असतं. ते गेले म्हाळूंकडं. म्हाळू गावात दोर वळतात. वय सत्तरच्या पुढं. आप्पांनी पाच तुकडे त्यांच्यापुढं ठेवले.

“असंच एक वळून द्या. अंबाडीचं, तांबडी चिंधी घालून. जरा मळलेलं दिसलं पायजे.”

म्हाळूंनी तुकडा हातात फिरवला. कापलेलं टोक अंगठ्यानं चाचपलं.

“कोणाचं हाय?”

“वच्छलाबाईचं.”

“कोयता लावला?”

“हो.”

“नवं दावं मागितलं तर आत्ता वळून देतो,” म्हाळू म्हणाले. “जुनं म्हणून द्यायचं असंल तर दुसऱ्याकडं जा. माज्या हातचं नवं दावं मी कधी जुनं म्हणून दिलं न्हाई.”

“तिला कालवड आणायचीय हो. अडलंय तिचं.”

“तिचं अडलंय का तुमचं?”

आप्पा उठले. म्हाळूंच्या दारापासून वच्छलाबाईंचं घर पाच मिनिटांवर आहे. त्या दिवशी त्यांना बराच वेळ लागला. वाटेत दोघांनी हाक मारली. एकाला ट्रॉलीवर नाव लिहून हवं होतं. त्याच्याशी ते रंगाबद्दल गरजेपेक्षा जास्त बोलत बसले.

वच्छलाबाई दारात डाळ निवडत होत्या. आप्पांनी पाच तुकडे त्यांच्या पुढ्यात ठेवले. त्या सुपावरून हात न काढता बघत राहिल्या.

“हे काय?”

“तुमचं दावं.”

“माजं दावं एक होतं.”

“मी कापलं. दालनात बसत नव्हतं. कड सारखी येत नव्हती म्हणून कापलं. पुण्याहून येऊन दोन महिने झाले. घरातच होतं.”

वच्छलाबाईंनी तुकडे उचलले आणि एकेक करून जमिनीवर टोकाला टोक लावून ठेवले. चिंधीचा पीळ जुळवून त्यांनी त्यांची जागा दोनदा बदलली. पाच तुकडे एका ओळीत आले. त्यांनी ओळीच्या एका टोकाला बोट ठेवलं.

“गळ्याकडचं कुठंय?”

आप्पांनी ओळीतला शेवटचा तुकडा सरळ केला.

“आप्पा, गळ्याकडचं?”

“जळालं.”

“जळालं का जाळलं?”

“जाळलं. च्या केला त्यावर.”

“कोणी?”

“शहादेव होता. चुलीत मी घातलं.”

खरं सांगायला आलेला माणूस एवढं सांगून थांबतो. त्याच्याजवळ आणखी काही नसतं. वच्छलाबाई ओरडल्या नाहीत. शेजारची बाई कुंपणापाशी येऊन उभी राहिली होती, तिला त्या म्हणाल्या, “काय न्हाई गं, आप्पा दावं घिऊन आलेत.” ती गेल्यावर आवाज न चढवता म्हणाल्या,

“तुमी मला इच्चारलं असतं ना, तर मी हो म्हणले असते. पुण्याच्या लोकांनी बघायचं, कापावं लागतंय, म्हणाले असते कापा. मी दुसरं वळून घेतलं असतं. हो म्हणायची गोष्ट माजी होती, आप्पा. ती बी तुमीच घिऊन टाकली.”

आप्पांनी म्हटलं, “चुकलो.” त्या म्हणाल्या, “चुकलाच.” मग सूप उचलून त्या आत गेल्या.

पुढचं आप्पांना म्हाळूंकडून कळलं. वच्छलाबाईंनी तुकडे म्हाळूंकडं नेले. म्हाळूंनी ते उकलले, जुनी अंबाडी आणि तांबडी चिंधी वेगळी केली आणि नव्या अंबाडीच्या पदरात घालून दावं वळलं. गळ्याकडचा हातभर भाग सगळा नवा आहे. त्यात काही जुनं घालता आलं नाही, कारण ते उरलं नव्हतं. त्या दाव्यानं वच्छलाबाईंनी चकलांब्याहून कालवड आणली. गावातल्या चार घरी त्यांनी बोलावणं केलं. आप्पांच्या घरी केलं नाही. जगदेवींना रस्त्यात भेटल्या तेव्हा थांबून बोलल्या, पाणी किती दिवसाला येतं ते विचारलं, कालवडीचं मात्र बोलल्या नाहीत.

मोहनरावांचा फोन आला. मुंबईत एक प्रदर्शन होतं, दावी पाठवता येतील का. आप्पा म्हणाले, “दावी न्हाईत आता, तुकडे हायत.” मोहनराव म्हणाले, “तुकडेच तर हवेत.” आप्पांनी फोन जगदेवींच्या हातात दिला. त्यांनी तो ठेवून दिला.

ऑगस्टपासून आप्पा घरोघर जाऊ लागले. आठवड्याला सहा-सात घरं. तुकड्यांची जुळणी घरी करायची, खोक्यातल्या चिठ्ठ्या पुढं ठेवून कोणतं दावं कोणाचं ते आठवायचं, ज्याची खात्री होत नाही त्याबद्दल खात्री नाही म्हणून सांगायचं. दारात पहिलं वाक्य तेच, मी कापलं, विचारलं नव्हतं. काहींनी तुकडे भिरकावले. एकजण हसला आणि म्हणाला, बरं झालं, बायको म्हणत होती घरात जागा न्हाई. एकानं चहा केला आणि आप्पांनी तो तसाच ठेवला. सगळ्यांत अवघड गेलं ते तिशीतल्या एका माणसाच्या दारात. त्यानं तुकडे घेतलेच नाहीत. “ठिवा तुमच्याकडंच,” तो म्हणाला, “मी आता जनावर करत न्हाई.” त्यानं आप्पांवर काही आरोप केला नाही. आप्पांना मात्र तो होता असं वाटलं आणि वाटणं बरोबर की चूक हे त्यांना अजून ठरवता आलेलं नाही.

शहादेव एकदाही सोबत आले नाहीत. पोळ्याच्या आदल्या दिवशी त्यांनी संस्थेच्या भिंतीवरचं आप्पांचं वाक्य चुन्यानं पुसून टाकलं. “लोक वाचून इच्चारायला येत होते,” ते म्हणाले. आप्पांनी त्यांना दोष दिला नाही.

दिवाळीपर्यंत ब्याऐंशी घरं झाली. मग कारखान्यांच्या गाड्या आल्या आणि चारही गावांतली निम्मी माणसं ऊसतोडीला गेली. दिवाळीच्या पाडव्यानंतर आप्पा शेजारच्या गावात गेले तेव्हा एका गल्लीत ओळीनं सात घरांना कुलपं होती. आठव्या घरात रुक्मिणीबाई म्हणून एक म्हाताऱ्या बाई होत्या. मुलगा-सून तोडीला गेलेले, त्या घर राखायला मागं. त्या ओट्यावर ऊन खात बसल्या होत्या. आप्पांनी आपलं वाक्य म्हटलं.

“काय?” रुक्मिणीबाईंनी कानामागं हात धरला.

आप्पांनी पुन्हा म्हटलं.

“मोठ्यानं बोला की. कान गेलेत माजे.”

गल्ली रिकामी होती. आप्पा ओट्याजवळ सरकले, एक पाय पायरीवर ठेवला आणि शाळेत कविता म्हणायला उभ्या केलेल्या पोरासारखे ओरडले,

“तुमचं दावं मी कापलं! तुमाला न इच्चारता कापलं!”

रुक्मिणीबाईंनी हात पुढं केला. आप्पांनी चार तुकडे त्यांच्या तळहातावर ठेवले. त्यांनी ते एकेक करून बोटांनी तपासले आणि मांडीवर घेतले.

“बसा,” त्या म्हणाल्या. “कावून कापलं ते सांगा.”

आप्पा बसले आणि सांगू लागले.